सरसकट अडतीस

१८ जानेवारी

सांगलीहून आत्ताच आले. आंबट ढेकरा येतायत. चर्चासत्र म्हणे! नव्वद माणसं होती, त्यातली साठ प्रमाणपत्रासाठी आलेली आणि उरलेली बासुंदीसाठी. उद्घाटनाला सव्वा तास नुसते सत्कार. हल्ली पर्यावरण म्हणून शालीबरोबर रोप देतात. मला मिळालेली तुळस एसटीत कुणाच्या तरी पायाखाली गेली. निबंध वाचायला माणशी सात मिनिटं, आणि माझ्या आधीच्या गृहस्थांनी शीर्षक वाचण्यातच दोन घालवली. मागं बसलेले मोबाईलवर क्रिकेट बघत होते.

माझा निबंध मात्र चांगला झाला. 'दक्षिण महाराष्ट्रातील फिरते कारागीर'. पदोन्नतीच्या फाईलला एक निबंध कमी पडत होता, तो एकदाचा झाला. अध्यक्षांनी समारोपात माझा शेवटचा उतारा मुद्दाम वाचून दाखवला. "बाजारात कोण बसून विकतं आणि कोण उभ्यानं विकतं, एवढं बघितलं तरी गावाचा निम्मा इतिहास कळतो." टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर हे वाक्य मी कधी लिहिलं तेच मला आठवेना. कॉलेजच्या फाटकासमोर इलियासभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं हाताने लिहिलेली पानं टाकली होती, "जरा नीटनेटकं करून टाईप करा" म्हणून. घाईत लिहिताना आतलं काहीतरी आपोआप बाहेर पडत असावं. पंचवीस वर्षं इतिहास शिकवलाय, उगाच नाही.

३ फेब्रुवारी

प्राचार्यांनी बोलावलं. विद्यापीठाचं परिपत्रक आलंय. आमच्यासारख्या खेड्यातल्या कॉलेजात बी.ए.ची दोन वर्षं केलेल्या पोरांना तिसऱ्या वर्षाला थेट विद्यापीठात जाता येणार. इतिहास, समाजशास्त्र, मराठी असले विषय; इथले श्रेयांक तिकडं धरणार. राहायला वसतिगृह, चार मजली ग्रंथालय. सगळ्या कॉलेजांत मिळून जागा बारा. आणि संधी एकदाच. तिसरं वर्ष इथंच सुरू केलं की दार बंद.

"मॅडम, यासाठी एक कक्ष स्थापन करा. फलक मी सांगितलाय," प्राचार्य म्हणाले. आमच्याकडं फलक आधी आणि कक्ष मागनं. चार वर्षांपूर्वीचा 'स्पर्धा परीक्षा कक्ष' उलटा करून त्याच्या पाठीवर रंगवून घेतलाय. त्या कक्षात खोकी आहेत आणि उंदराच्या लेंड्या.

मग त्यांनी मोठ्या कौतुकानं कॉलेजची वेबसाईट दाखवली. मूल्यांकन समिती येणार म्हणून गेल्या वर्षीचे पाच 'उत्कृष्ट प्रकल्प' तिथं चढवलेत. निवड माझीच होती. शिवतेजचा पिंजाऱ्यांवरचा परत वाचला. शिवतेज म्हणजे पोलीस भरतीसाठी पळणारा गडी, वर्गात आला तर मागच्या बाकावर झोपणार. आणि लिहितो काय! पिंजारीण कापूस पिंजायला दारात आली की घरातली सून उशी घेऊन पडवीत यायची. एरवी सासूपुढं उभी राहणारी ती सून पिंजारणीसमोर खाली बसायची, कारण धनुकलीच्या आवाजात सासूला आतून काही ऐकू यायचं नाही. 'आजी सांगते, आम्ही कापूस कमी आणि माहेरचे निरोप जास्त नेले.' मी तेव्हा त्याला विचारलंही होतं, "ही आजी कुठली रे?" "आमचीच की मॅडम." असेल बाई. कुणाच्या आत काय दडलेलं असतं सांगता येत नाही.

२४ फेब्रुवारी

यंदाचे प्रकल्प आले. एकसष्ट. सगळ्यांना तेच जांभळं पुठ्ठ्याचं कव्हर, तीच सोनेरी अक्षरं, तोच वास. सगळे इलियासभाईंच्या दुकानातले. पोरं आदल्या दिवशी जातात, नाव सांगतात आणि घेऊन येतात. एकानं तर स्वतःच्या प्रकल्पाचा विषय काय ते कव्हर बघून सांगितलं. शिसारी येते मला. हा इलियासभाई दिसतो सज्जन, पांढरी टोपी, "सलाम मॅडम, चहा घ्या," आणि धंदा असला. पिढीच्या पिढी सडवली या माणसानं.

आणि मी काय करते? अडतीस टाकते. चाळीसपैकी अडतीस, सरसकट. एकाला तीस दिले तर त्याचा चुलता येतो, दुसऱ्याला बत्तीस दिले तर प्राचार्य म्हणतात, "मॅडम, पोरांचं नुकसान नको." तेव्हा सगळे सारखे. पहिलं पान, शेवटचं पान, 'तपासले', सही. एका बैठकीत एकसष्ट होतात.

एकाच ठिकाणी अडखळले. एसटीच्या थांब्यावर कुणाचा तरी प्रकल्प आहे. 'थांब्यावरचा बाक पुरुषांचा आणि झाड बायकांचं. बाक रिकामा असला तरी बायका झाडाखालीच उभ्या राहतात.' बरं सुचलंय. इंटरनेटवरून उचललं असणार.

१२ मार्च

कक्षाकडं अर्ज आले दोन. एक राजवर्धन, संस्थेच्या सचिवांचा पुतण्या. त्याला विद्यापीठात शिकायचं नाही, वसतिगृहाच्या निवडणुकीला उभं राहायचंय. दुसरी नूरीन. म्हणजे इलियासभाईंचीच मुलगी, आष्ट्याहून बापाच्या स्कूटरवर मागं बसून येते. वर्गात गप्प असते, पण डोळे माझ्यावरनं हलत नाहीत तिचे.

"कशाला जायचंय तुला?" मी विचारलं.

"मॅडम, हितं विचारायला कुणी न्हाई."

"काय विचारायला?"

ती नुसती हसली. मला राग आला. चार वाक्यं धड बोलता येत नाहीत आणि निघाल्या विद्यापीठात. तिचा स्वतःचा प्रकल्प काढून बघितला. 'राज्यघटनेची वैशिष्ट्ये', आठ पानं, गाईडमधून उतरवलेला. एवढं कोरडं, एवढं कंटाळवाणं! बापाच्या दुकानात ढीगभर तयार पडलेत, त्यातला एखादा बरा तरी उचलायचा. लिहायला आळशी आहे पोरगी. तिलाही अडतीसच दिलेत.

६ एप्रिल

आज अर्ज पाठवायची शेवटची तारीख, आणि माझ्या पदोन्नतीच्या फाईलचीही आजच. दिवसभर फोटोकॉपी, शिक्के, पावत्या. अर्जासोबत विद्यार्थ्याचा स्वतः लिहिलेला एक निबंध लागतो आणि खाली मार्गदर्शकाचं 'मी हा निबंध वाचला असून तो विद्यार्थ्याचा स्वतःचा आहे'. नूरीननं चौदा पानं आणली होती.

"वाचता का मॅडम? तुमी वाचलं असतं तर बरं झालं असतं."

"अगं, दम खा. माझी फाईल अडकलीय तिकडं." सही केली. राजवर्धनच्यावरही केली; त्याचं तर पहिलं पानही उघडलं नाही. ती जरा वेळ दारात उभी राहिली आणि गेली. या पोरांना वाटतं मॅडमना दुसरं काही कामच नाही.

२९ एप्रिल

मुलाखतींना विद्यापीठात गेले होते. राजवर्धन आलाच नाही, त्याच्या काकांच्या वाढदिवसाचे फलक लावायचे होते. नूरीनला पंचवीस मिनिटं ठेवून घेतलं. बाहेर आली तर चेहरा उजळलेला. "मॅडम, त्यांनी मला उलटं विचारलं! मी एक सांगितलं की ते म्हणायचे, हे कशावरनं?" मग तिथलं ग्रंथालय बघायला गेलो. पोरगी कपाटांमधून नुसती चालत राहिली, हात मागं बांधून, काही मोडेल या भीतीनं. शेवटी मीच म्हटलं, चल, बस जाईल.

मला आत बोलावून समितीच्या अध्यक्षबाईंनी गुणपत्रक पुढं सरकवलं. पांढरे केस, आवाज मऊ. "तुमच्या कॉलेजात सगळ्यांनाच अडतीस असतात का हो? आम्हाला हिचे गुण धरताच येत नाहीत. आम्ही फक्त निबंधावर जाणार."

कानशिलं तापली. काय बोलायची पद्धत! यांना काय ठाऊक खेड्यात कसं नांदावं लागतं. परतीच्या बसमध्ये नूरीन काहीतरी सांगत होती, मी झोपेचं सोंग घेतलं.

११ मे

घाण झाली. विद्यापीठाचं पत्र. नूरीननं दिलेला निबंध आणि आमच्याच वेबसाईटवरचा शिवतेजचा पिंजाऱ्यांवरचा प्रकल्प, दहा पानं जवळजवळ शब्दाला शब्द तीच. वाङ्मयचौर्य! बावीस तारखेपर्यंत मार्गदर्शकानं समक्ष येऊन खुलासा करावा, नाही तर अर्ज बाद.

माझी सही आहे त्यावर. मी तशीच दुकानात गेले. इलियासभाई मशीनपाशी, नूरीन संगणकावर. गिऱ्हाईक होतं, तरी मी थांबले नाही. म्हटलं, "लाज वाटायला पाहिजे. बापानं विकलेला प्रकल्प तू परत आपल्या नावावर खपवतेस? दुसऱ्याच्या आजीच्या गोष्टी चोरतेस? तुला आजी नव्हती का?" आणखी बरंच बोलले. चोर म्हणाले. दोनदा.

ती उठून उभी राहिली. बापाकडं बघितलं तिनं, बापानं मशीनकडं बघितलं. इलियासभाईंच्या तोंडातून "मॅडम, पाणी आणू का?" एवढंच आलं. चोराच्या मनात चांदणं, आणखी काय. यांच्यासाठी मी पायपीट करायची! असली माणसं बघितली की कुठं जाऊन हात धुवावेत असं होतं.

१३ मे

आज आष्ट्याला त्यांच्या घरी गेले. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या कानावर घालावं म्हणून. इलियासभाई दुकानात, नूरीन आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. इलियासभाईंची आई भेटली, रहिमतबी. सत्तरी ओलांडलेली, बोटं वाकलेली. मी दारातूनच सुरू केलं, "तुमच्या नातीनं—"

"बसा बाई आदी," म्हातारी म्हणाली. "उभ्यानं बोलल्यालं भांडण व्हतं. आमची सासू सांगायची, कुणाच्या दारात ग्येलं की आदी बघायचं, कोन बसलंय आन् कोन उभं हाय. मग तोंड उघडायचं."

मी बसले.

भिंतीला एक धनुकली टांगलेली होती, पुरुषभर लांब, दोरी तुटलेली. मी विचारलं, "हे तुमचं?"

"मग? पस्तीस वर्सं पिंजलं या हातांनी. वाळव्यापास्नं पार तासगावापातूर. सुना उशी घिऊन यायच्या, सासूला ऐकाय जायाचं न्हाई म्हनून खाली बसून बोलायच्या माझ्यापाशी. कापूस कमी आन् म्हायेरचं निरोप जास्त न्येले बगा आमी." आणि हसली. समोरचे दोनच दात.

चहा दिला तो मी घेतला. काय कामाला आले होते ते सांगितलंच नाही.

१४ मे

सकाळी कॉलेज उघडून घेतलं. सुट्टी आहे, शिपाई कुरकुरला. कपाटातले चार वर्षांचे जांभळे गठ्ठे खाली काढले आणि वाचत बसले. पहिल्यांदाच. पहिलं पान आणि शेवटचं पान सोडून मधली.

बरेचसे भरताड आहेत, इंटरनेटवरचे. पण काही वेगळेच. ग्रामपंचायतीच्या सभेत कोण खुर्चीवर, कोण सतरंजीवर आणि कोण दाराबाहेर चपलांपाशी. साखर कारखान्याच्या दवाखान्यात रांगेतली कुठली बाई बसते. दर्ग्याच्या उरसात शेरणीचा प्रसाद वाटताना कोण उठतं. बेचाळीस नावं आहेत, बेचाळीस विषय, आणि एकच डोळा. कोण बसलंय, कोण उभं आहे. मी चार वर्षं एकाच पोरीचं लिखाण वाचत होते. वाचत कुठलं, सही करत होते. ती पहिल्यांदा लिहायला लागली तेव्हा तर अकरावीत असेल.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मी आंधळी की कुत्रं, हे ठरवत बसले होते, तेवढ्यात ते वाक्य आठवलं. बाजारात कोण बसून विकतं आणि कोण उभ्यानं विकतं.

घरी येऊन सांगलीचा निबंध काढला. शेवटचा उतारा तीनदा वाचला. मग मोरीत जाऊन ओकले. खरोखर ओकले.

१५ मे

नूरीनला कॉलेजवर बोलावलं. आली, उभी राहिली. मी म्हटलं, "बस."

ती खुर्चीच्या कडेला टेकली. मग मीच विचारलं, "का लिहिलंस?"

"पोरं यायची आदल्या दिवशी. अब्बा नेटवरचं चिकटवून द्यायचे. मला ते बघवायचं न्हाई मॅडम. म्हटलं द्यायचंच हाय तर जरा बरं देऊ. आज्जीला विचारायचे, झेरॉक्सला थांबलेल्या माणसांना विचारायचे. मला आवडायचं. कुणाचं का नाव असंना."

"आणि तुझा स्वतःचा? राज्यघटना?"

"माझा टायमाला राहूनच जायचा. दहा-दहा जणांचं करून हाताला कंटाळा यायचा."

"मग विद्यापीठाला तोच का पाठवलास, शिवतेजचा?"

"शिवतेजचा कुठं मॅडम? आज्जीचा हाय त्यो. माझ्या डोक्यातच आलं न्हाई. मला वाटलं, माझंच हाय की." तिचे डोळे आता भरले. "वेबसाईटवर टाकलाय हेबी मला म्हाईत नव्हतं. म्हणून म्हणत हुते, तुमी वाचा एकदा."

त्या दिवशी दुकानात का बोलली नाहीस, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. बोलली असती तर बापाचं दुकान गेलं असतं आणि माझी अब्रू.

शिवतेजला फोन लावला. सांगलीच्या मैदानावर पळत होता, धापा टाकतच बोलला. "व्हय मॅडम, माझा न्हवता. लिहून देतो की. पन तुमाला म्हाईत हुतंच की. समद्यांनाच वाटायचं, मॅडमना म्हाईत हाय." मी फोन ठेवून दिला. त्याचं काय चुकलं? मला माहीत होतंच. कोण लिहितं, एवढंच माहीत नव्हतं, आणि ते मी कधी विचारलं नाही.

नूरीनला म्हटलं, तू लिहिलेल्या सगळ्यांची यादी कर. पोरांची नावं नकोत, नुसते विषय. बसल्या जागी केली तिनं, मोत्यासारखं अक्षर. बेचाळीस. मी खालपासून वरपर्यंत बघितलं. फिरते कारागीर त्यात नव्हते. ती माझ्याकडं बघत होती आणि मी कागदाकडं.

मी यादी घडी घालून पिशवीत ठेवली. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याची अशी किळस आली की बाहेर येऊन दोन वेळा थुंकले.

१८ मे

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावून घेतलं. "मॅडम, एका पोरीसाठी? मूल्यांकन तोंडावर आलंय. वेबसाईटवरचे पाचही प्रकल्प विकतचे म्हणून लिहून देणार? त्यापेक्षा तिचा माफीनामा घ्या. चूक झाली म्हणेल, अर्ज बाद होईल, तिसरं वर्ष करेल आपल्याकडंच. आपण तिचा सत्कार करू."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही करता येतो हो."

खरं म्हणतो माणूस. आमच्याकडं कशाबद्दलही करता येतो. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "आणि तुमची पदोन्नतीची फाईल माझ्या सहीला आहे, आठवण म्हणून सांगतो." चहा मागवला त्यांनी. त्या कपाच्या कानाला साखरेचा चिकट थर होता, मुंगी फिरत होती. मी कप तसाच ठेवून आले.

२१ मे

दिवसभर खुलासा लिहिला आणि फाडला. जमेना. 'नजरचुकीने', 'अनवधानाने' असले शब्द येतात हाताला. पंचवीस वर्षांत हेच शब्द कमावले. शेवटी सरळ लिहिलं की प्रकल्प विकत घेतलेले असतात हे मला माहीत होतं, मी न वाचता सह्या केल्या, नूरीनच्या अर्जावरही न वाचताच केली. बेचाळीस विषयांची यादी जोडली. बेचाळीसच.

उद्या जायचंय. बरी झोप लागो.

२२ मे

समितीत तिघं होते. नूरीन उभी. अध्यक्षबाईंनी माझा खुलासा वाचला, चष्मा काढला, पुसला. मग मी नेलेल्या गठ्ठ्यातला एक प्रकल्प मधूनच उघडला, एक ओळ वाचली आणि म्हणाल्या, "याच्या पुढचं सांग." नूरीननं सांगितलं. दुसरा उघडला, तोही सांगितला. तिसऱ्याला ती म्हणाली, "हितं माझं चुकलंय. ग्रामपंचायतीत ती बाई स्वतः बाहेर बसली नव्हती, तिला बसवलं हुतं. मला नंतर कळलं." तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"बस," बाई म्हणाल्या. "एवढेच आहेत? आणखी कुठं लिहिलं आहेस दुसऱ्याच्या नावावर?"

"न्हाई," नूरीन म्हणाली. लगेच. माझ्याकडं न बघता.

एवढं सगळं खरं बोललेली पोरगी माझ्यासाठी पहिलं खोटं बोलली, आणि तेही या दारात, जिथं तिला खरंच विचारणारी माणसं भेटली होती.

"आहे," मी म्हटलं. "त्रेचाळिसावा आहे. सांगलीच्या चर्चासत्रात मी वाचलेला निबंध. माझ्या नावावर आहे. त्यातला शेवटचा उतारा हिचा."

मग नूरीन खाली मान घालून हळूच म्हणाली, "मदली चार पानंबी."

अध्यक्षबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाहेरचा शिपाई डोकावला. मला हसू आलं नाही. पण परतताना बसमध्ये आलं, एकटीलाच, आणि नूरीननं विचारलं, "मॅडम, काय झालं?" म्हटलं, "काही नाही गं. मधली चार पानं." मग तीही हसली, तोंडावर ओढणी घेऊन.

१२ जून

नूरीनला जागा मिळाली. बारातली अकरावी. एक अट आहे. विद्यापीठात पहिले सहा महिने तिनं पिंजाऱ्यांवरचं ते लिखाण नव्यानं, आजीचं नाव वर घालून करायचं.

मला चौकशीची नोटीस मिळाली. पदोन्नतीची फाईल सही न होता परत आली. आणि आज प्राचार्यांनी फाटकावर फलक लावला, 'आमच्या महाविद्यालयाची गुणवंत विद्यार्थिनी'. खाली प्राचार्यांचा फोटो मोठा, तिचा लहान. सत्काराला बोलावलं होतं तिला. तिनं निरोप पाठवला, आज्जीला दवाखान्यात न्यायचंय. नेलं नव्हतं. रहिमतबी दुकानात स्टुलावर बसून मस्त सुपारी कातरत होती, मी बघितलं.

दुकानात आता एक कागद चिकटवलाय, इलियासभाईंच्या अक्षरात. 'प्रकल्प करून मिळणार नाहीत.' ते मला "सलाम मॅडम" म्हणाले, चहाचं विचारलं नाही. बरोबर आहे. चोर म्हणाले होते मी, दोनदा, गिऱ्हाईकासमोर. आज म्हटलं, "इलियासभाई, माझं चुकलं." ते म्हणाले, "आमचंबी." आणि मग चहा मागवला.

२० ऑगस्ट

चौकशी चालू आहे. समितीतले दोघं माझ्याच बॅचचे, दोघांचे निबंध कुठल्या कुठल्या दुकानांत टाईप झालेत ते मला ठाऊक आहे. तेच मला नैतिकता समजावतात. वीट आलाय नुसता.

यंदा मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांकडून वर्गातच, माझ्यासमोर, हातानं निबंध लिहून घेतले. भयानक आहेत. चौदा जणांनी 'माझे गाव निसर्गरम्य आहे' असं सुरू केलंय, त्यातल्या सात जणांचं गाव साखर कारखान्याच्या मळीच्या नाल्यावर आहे. एकानं नुसतं नाव आणि तारीख लिहून ठेवलीय. गठ्ठा तसाच पडून होता. प्राचार्यांचा निरोप आला होता, "मॅडम, चौकशी चालू आहे, उगाच वाईटपणा घेऊ नका, नेहमीप्रमाणे उरकून टाका." आणि मी, खोटं कशाला बोलू, अडतीसचा आकडा दोन कागदांवर टाकलासुद्धा होता. सवयीनं.

तेवढ्यात नूरीनचा मेसेज आला.

'मॅडम, पहिला निबंध परत मिळाला. चाळीसपैकी एकवीस. सगळ्या पानांवर लाल शाई हाय, समासातसुद्धा. एका ठिकाणी लिवलंय, हे तुला कुणी सांगितलं, परत जाऊन विचार. मॅडम, लय बरं वाटलं. कुणीतरी मधली पानं वाचली.'

मी फोन पालथा ठेवला. टेबलाच्या खणात लाल पेन शोधलं. होतं, पण वाळून गेलेलं, किती वर्षांचं कोण जाणे. मग फाटकासमोर जाऊन इलियासभाईंकडून नवीन आणलं आणि ते दोन अडतीस खोडून पहिला कागद पुढ्यात ओढला.